तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनालॉग घेऊ की डिजिटल?

मॉडेल ट्रेन सुरू करणारा प्रत्येक जण मला हे विचारतोच. मी आधी उलट विचारतो, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची आहेत का?

कारण अ‍ॅनालॉगमध्ये नॉब फिरवला की रुळातलं व्होल्टेज शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत चढतं, इंजिन तेवढं पळतं, आणि मागे न्यायचं तर पोलॅरिटी उलटी करायची. म्हणजे आपण रूळ चालवतो, इंजिन नाही. रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही निघणार, एकाला थांबवायचं तर रुळाचा तेवढा तुकडा वेगळा तोडून त्याला स्विच लावायचा, त्यालाच ब्लॉक म्हणतात. माझ्या पहिल्या लेआउटला असे सात ब्लॉक होते आणि मालगाडी यार्डात घेताना माझं निम्मं लक्ष गाडीवर नाही, स्विचांवर असायचं.

डिजिटल म्हणजे डीसीसी, डिजिटल कमांड कंट्रोल. यात रुळात व्होल्टेज कायम असतं, एचओला, म्हणजे १:८७ मापाच्या गाड्यांना, साधारण १४-१५ व्होल्ट, आणि पोलॅरिटी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्या उलटण्यातच निरोप असतो. अर्धा टप्पा ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर निरोपातला अंक एक, १०० चा असला तर शून्य. इंजिनातला डिकोडर, म्हणजे निरोप वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, आपल्या अ‍ॅड्रेसचा निरोप आला की ऐकतो, बाकीचे सोडून देतो. नव्या डिकोडरचा अ‍ॅड्रेस बहुतेक ३ असतो, तो आधी बदला, नाहीतर दोन नवी इंजिनं एकदमच सुटतील. मी सीव्ही ३ आणि ४ ही डिकोडरची सेटिंग्ज वाढवून, म्हणजे वेग घेणं आणि सोडणं लांबवून, पहिल्यांदा गाडी सोडली तेव्हा ती इतकी सावकाश निघाली की इंजिनाखालून सरकणारे स्लीपर एकेक मोजता आले, त्या दिवशी माझा निर्णय झाला.

म्हणून एका गोल फेरीच्या पुढे जायचा विचार असेल तर पहिल्यापासून डिजिटलच घ्या, माझं मत स्पष्ट आहे. बजेट आत्ता नसेल तर इंजिन तरी डिकोडरचं सॉकेट असलेलं घ्या. आणि रूळ पुसत राहा, धूळ बसली की निरोप तुटतो आणि इंजिन पॉइंटवर, म्हणजे रूळ फाटतो तिथे, अडकतं.

जुन्या इंजिनांचं मात्र सांभाळून. बऱ्याच जुन्या इंजिनांत मोटरचं एक ब्रश थेट चॅसिसला टेकलेलं असतं आणि चॅसिस रुळाला जोडलेलं, ते तोडून वेगळं केल्याशिवाय डिकोडर जोडला की जळतो. मी मीटर न लावता घाई केली आणि नवाकोरा डिकोडर गेला, वास अजून आठवतो. डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभंही करू नका, मोटर गुणगुणते आणि तापते, कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली, मोटर तर जळूनच जाते.

माझं सगळ्यात जुनं इंजिन मी बदललंच नाही. त्याला वेगळा ओव्हल दिलाय, जुना कंट्रोलर लावून, दोन्ही रुळांचा एकमेकांशी कुठेही संबंध येऊ न देता.