मीटरपेटीतली सातेरी, पेरूवरचा थवा आणि राणीद्वार

मागच्या हंगामात माझ्या हातून एक वसाहत गेली. नागपुरात सेमिनरी हिल्सजवळ एका झाडावरून सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांचा, थवा उतरवला होता, जेमतेम नारळाएवढा. पेटीत घातला आणि उडून जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी राणीद्वार लावलं. त्याच्या फटींतून कामकरी माश्या ये-जा करतात, राणीला मात्र निघता येत नाही. दोन आठवड्यांनी पाहिलं तर पोळी बांधलेली, अंडी नाहीत. नंतर एकेका कोठडीत तीन-चार अंडी दिसू लागली, तीही तळाला नाही, भिंतीला चिकटलेली. कामकऱ्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली होती, आणि त्यातून फक्त नर निघतात. राणी कोवळी होती. तिला मिलनासाठी बाहेर जायचं होतं आणि मी दार बंद करून बसलो होतो. ती वसाहत डोळ्यांदेखत संपली.

म्हणून यंदा एकच गोष्ट ठरवली. राणी अंडी घालते आहे हे दिसल्याशिवाय राणीद्वार लावायचं नाही.

फेब्रुवारी, महाल. जुन्या घराच्या भिंतीतली बंद पडलेली मीटरपेटी. घरच्या आजी म्हणाल्या, "पाच वर्षांपासून हायेत जी ह्या इथं. कोणाले चावल्या नाही. आता घर पाडून राहिले, म्हणून तुम्हाले बोलावलं. मारू नका बाप्पा."

साडेचारला सुरुवात केली. नारळाच्या शेंडीचा आणि गोवरीचा थोडासा धूर. झाकण सावकाश उघडलं, आत सहा पोळी, पुस्तकाच्या पानांसारखी उभी. प्रत्येकाचा वरचा चार बोटं भाग मधाचा, खाली अंडी-अळ्या आणि कोश. मधाचा पट्टा कापून वेगळ्या डब्यात घातला. तो चौकटीत बांधू नका: वजनाने पोळं ढासळतं, मध सांडला की मुंग्या येतात, शेजारच्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. फक्त अंडी-अळ्यांची पोळी सुती दोऱ्याने चौकटीत बांधली. दोरा माश्या नंतर स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण कोठड्या तोंडाकडे किंचित चढत्या असतात. उलट बांधलं की पातळ मध ओघळतो.

पाचव्या पोळ्यावर राणी दिसली, काळपट, लांब, सतत कडेला पळणारी. त्याच पोळ्यावर बारीक अंडी होती, कोठडीच्या तळाशी अगदी उभी. अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं. म्हणजे राणी कालपर्यंत, कदाचित आजही, काम करत होती. इथे राणीद्वार बिनधास्त लावलं.

पेटी मीटरपेटीच्या तोंडाशीच ठेवली. दहा मिनिटांत दारावर माश्यांची रांग लागली, शेपूट वर, पंखांची फडफड. त्या गंध सोडून बाहेरच्यांना हाक मारत होत्या. हे दिसलं की राणी आत आहे असं समजायला हरकत नाही. अंधार पडेपर्यंत थांबलो, चरायला गेलेल्या परतल्या, मग दार बंद केलं. त्याच रात्री पेटी कळमेश्वरच्या बाजूला मित्राच्या संत्राबागेत नेली. दोन-तीन किलोमीटरच्या आत ठेवली असती तर चरणाऱ्या माश्या जुन्या जागीच परतल्या असत्या. बागेत आंबिया बहार होता, सगळीकडे फुलांचा वास. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, संध्याकाळी पेटीच्या आत थोडं साखरपाणी, आणि सहा दिवस झाकणाला हात नाही. सहाव्या दिवशी राणीद्वार काढलं.

मार्च, मनीषनगर. पेरूच्या फांदीवर थवा. घरमालक काका फवारा मारणाऱ्याला बोलावणारच होते, शेजारच्या मुलीने मला फोन केला. थवा लहान, म्हणजे कोवळी राणी असण्याची शक्यता जास्त, पोळं नसल्यामुळे पुरावा काहीच नाही. राणीद्वार लावलं नाही. थवा त्याच बागेत नेला आणि महालच्या पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट, राणी तिच्यावर नाही ना हे दोन्ही बाजूंनी दोनदा पाहून, या पेटीत दिली. भुकेल्या अळ्या टाकून माश्या सहसा जात नाहीत. बाराव्या दिवशी प्रत्येक कोठडीत एक अंडं, बरोबर तळाला. मागच्या वर्षीची रुखरुख त्या दिवशी जरा कमी झाली.

मधे प्रतापनगरहून पाण्याच्या टाकीखालच्या आग्या मोहोळासाठी बोलावणं आलं. गेलो, पण काढलं नाही. आग्या पेटीत राहत नाही, ती ऋतूप्रमाणे स्वतःच निघून जाते. तिथे मशाल लावायचा बेत होता, तो थांबवला. टाकीजवळचा दिवा रात्री बंद ठेवायला सांगितलं, कारण आग्या रात्रीही उजेडावर येते.

आता एप्रिल. दोन्ही पेट्यांवर ओलं गोणपाट आहे, सावली दाट आहे, पाण्याच्या परातीत गोटे टाकलेत म्हणजे माश्या बुडत नाहीत. काल दुपारी अर्धा तास परातीजवळ बसलो. एक माशी गोट्याच्या ओल्या कडेवर पोट हलवत पाणी पीत राहिली, उडाली आणि सरळ मनीषनगरच्या पेटीत शिरली. त्या पेटीत चार चौकटी भरल्यात. महालच्या पेटीत सहा, आणि तिथे नरांची कोशं दिसू लागलीत, झाकणावर मधोमध टाचणीएवढं छिद्र असलेली. रविवारी तिथे राणीच्या कोठड्या, म्हणजे नवा थवा सुटायची तयारी, आहेत का ते बघायचंय.