चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून

आज मीटिंग चालू असताना उठले आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिले. बसवतच नव्हतं. नंतर एक सहकारी म्हणाला, "पाठीचं अजून तेच? एमआरआय तर नॉर्मल होता ना?"

होता. आणि तरी दुखतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली किंवा पुन्हापुन्हा उठणारी वेदना ही क्रॉनिक मानतात. त्यात बऱ्याचदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, आग विझल्यावरही वाजत राहणाऱ्या भोंग्यासारखी. म्हणजे स्कॅन स्वच्छ आणि दुखणं खरं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, या दुखण्याला स्वतःचा कोड आहे. एचआरच्या फॉर्ममध्ये मात्र अजून रकाना नाही!

सगळ्यात अवघड जातात ते बरे दिवस. जरा हलकं वाटलं की साचलेलं सगळं काम उपसावंसं वाटतं आणि मग पुढचे दोन दिवस वाया. फिजिओ सांगतात, दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून उठा. सांगायला सोपं आहे. क्लायंट बोलत असताना उठून दाखवा.

मॅनेजरने एक बरं केलं. सहानुभूती वगैरे न दाखवता सकाळची मीटिंग तासभर पुढे ढकलली. सकाळी अंग आखडलेलं असतं, तेव्हा तो एक तास म्हणजे माझा अर्धा पगार आहे. खुर्ची बदलून मिळाली होती, तिचा एवढा उपयोग नाही झाला.

उद्या रिपोर्ट द्यायचाय. जाईल वेळेवर. बहुतेक आडवं पडून टाइप केलेला असेल, पण ते कुणाला कळणार आहे!