सहा मिनिटांचा चहा

परत आलेल्या पाकिटांपैकी एकावर कोणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘वास गोड, चव औषधाची.’ बाकीच्या दहांवर काही लिहिलेलं नव्हतं, पण सोबतच्या कागदावरच्या सगळ्या तक्रारींचा सूर तोच होता. चहा कडू लागतो.

मी चहा चाखायचं काम करतो. कोणती पानं कोणात मिसळायची, किती मिसळायची, तयार झालेली बॅच बाहेर जाऊ द्यायची की नाही, हे ठरवायचं. या कामात चौदा वर्षं गेली. परत आलेला हा व्हॅनिलाचा कोरा चहा माझाच हट्ट होता. सुगंधी चहाकडे आमच्यातले जुने लोक नाक मुरडतात. पानात दम नसला की वरून अत्तर शिंपडतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते खोटं पाडायचं होतं, म्हणून पानही चांगलं निवडलं होतं: ऑर्थोडॉक्स पद्धतीचं, लांब वळलेलं, मध्यम कडक. सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चुरून गोळी केलेल्या पानाचे, दाणे मुद्दाम टाळले. त्यांचा रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि व्हॅनिलासारखा मऊ वास त्याखाली दबतो.

तर सकाळी साडेनऊला टेबलावर तीन भांडी मांडली. एकात परत आलेला चहा, दुसऱ्यात त्याच बॅचचा आमच्याकडचा राखीव नमुना, तिसऱ्यात सुगंध न घातलेलं मूळ पान. पांढरी चिनीमातीची भांडी, १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी, वर झाकण, सहा मिनिटं. मग लिकर, म्हणजे पानातून उतरलेलं चहाचं पाणी, वाटीत ओतायचं आणि चमच्यानं जोरात भुरका मारायचा. नवख्यांना तो आवाज असभ्य वाटतो. पण भुरक्यानं चहाचे तुषार घशाच्या मागच्या बाजूनं नाकापर्यंत जातात, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा तिथेच कळतो.

मूळ पान स्वच्छ होतं. तुरट, पण स्वच्छ. सुगंधी दोन्ही वाट्यांमध्ये मात्र घोट थुंकल्यावर जिभेच्या मुळाशी काहीतरी राहत होतं. तुरटपणात तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. हे तसं नव्हतं. हे सरळ कडू होतं, आणि दोन्ही नमुन्यांत सारखंच होतं. म्हणजे बाहेर साठवणुकीत काही बिघडलेलं नव्हतं. दोष आमच्या सुगंध मिसळायच्या ड्रममधूनच निघाला होता.

पान संशयातून सुटलं, आता बाटली. व्हॅनिलाच्या अर्काची बाटली उघडली, कागदाची पट्टी बुडवून हुंगली, जुन्या बाटलीशी ताडून पाहिली. पुरवठादाराला फोन लावून उगाच चढ्या आवाजात बोललो. त्याचा माल तोच होता, काही बदललेलं नव्हतं. या संशयात तासभर गेला. तो अगदीच वाया गेला असं नाही, कारण शिकाऊ मुलगा शेजारी उभा होता आणि त्यानं विचारलं, “सर, पाकिटात शेंगांचे तुकडे दिसतात. मग अर्क कशाला?”

शेंगांचे तुकडे बहुतांशी डोळ्यांसाठी असतात, हे त्याला सांगावं लागलं. वेलीवरच्या हिरव्या व्हॅनिलाच्या शेंगेला तो वास जवळजवळ नसतोच. वासाचं मुख्य द्रव्य, व्हॅनिलिन, तिच्यात साखरेशी बांधलेलं असतं. शेंग गरम पाण्यात बुडवून तिची वाढ थांबवतात, मग उबेत घाम आणतात, वाळवतात, पेट्यांत मुरवतात. या काही महिन्यांत शेंगेतलीच विकरं (एन्झाइम) ती गाठ सोडतात आणि वास मोकळा होतो. इतकं करूनही त्या शेंगेचे चार तुकडे तीन मिनिटांत कपभर पाण्याला फारसं काही देत नाहीत. म्हणून अर्क पानांवर फवारायचा, ड्रम सावकाश फिरवायचा आणि चहा बंद डब्यात मुरू द्यायचा. कोरडं पान आजूबाजूचा वास अधाशासारखा ओढून घेतं. साबणाशेजारी ठेवलेल्या चहाचं काय होतं, हे घरोघरी माहीत आहे. आम्ही त्याच दुर्गुणावर पोट भरतो.

(व्हॅनिलाचं बोलणं निघालं की मला हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरचा एडमंड आल्बियस आठवतो. गुलामगिरीत जन्मलेला बारा वर्षांचा मुलगा. मायदेशाबाहेर या वेलीला आपोआप शेंगा धरत नव्हत्या. १८४१ मध्ये त्यानं एक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागण करून दाखवलं. फूल उमलतं ते एकाच दिवसापुरतं, म्हणून ते काम आजही रोज सकाळी हातानंच करावं लागतं.)

दुपारपर्यंत मी आठ वाट्या चाखल्या होत्या आणि वेगळ्याच निष्कर्षावर आलो होतो. चहात व्हॅनिला कमी पडतोय, म्हणून कडूपणा उघडा पडतोय. मात्रा वाढवायला हवी. मी तसं कागदावर लिहायलाही घेतलं होतं.

तेवढ्यात मुलगा जेवून परत आला, दारातच थबकला आणि म्हणाला, “सर, खालच्या जिन्यापर्यंत येतोय वास. डोकं धरलं माझं.”

मी हातातली पट्टी नाकाशी नेली. काही नाही. जवळजवळ काहीच नाही.

नाक एकाच वासात राहिलं की काही मिनिटांत त्या वासापुरतं झोपी जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी नव्या मुलांना हे मीच शिकवतो. पण आपलं नाक झोपलंय हे त्या नाकाला कसं कळणार? मी उठलो आणि या चहाची पहिली नोंदवही काढली. चाचणीची पहिली बॅच: किलोला २० ग्रॅम अर्क. शेरा, ‘सौम्य, वाढवून पाहावे.’ दुसरी, २५ ग्रॅम. ‘अजून थोडा.’ तिसरी, ३२. ‘छान, कायम करावे.’ तिन्ही नोंदी एकाच दुपारच्या. तिन्हींखाली माझी सही.

आणि व्हॅनिलिन वासाला गोड असलं तरी जिभेला गोड नाही. जास्त झालं की ते कडवटच लागतं. तक्रार करणाऱ्यांची जीभ बरोबर होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी घरी गेलो असतो. पण पाकीट उलटं करून पाहिलं आणि कानशिलं तापली. मागे करण्याची कृती छापली होती: १०० मिली पाण्यास २ ग्रॅम, सहा मिनिटे. पॅकिंगवाल्या ताईंनी कृती मागितली तेव्हा घाईत मी माझ्या टेबलावरचं चाखण्याच्या प्रमाणांचं कार्डच त्यांच्याकडे पाठवलं होतं. ते आमच्या चाखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली निघालेलं. त्याच धाटणीच्या ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं होतं. पण ते मानक चहा प्यायचा कसा हे सांगत नाही. जगभरच्या चहांची एकमेकांशी तुलना करता यावी म्हणून ते आहे. सहा मिनिटांत पान आपलं सगळं पाप कबूल करतं, आम्हाला तेच हवं असतं. पिणाऱ्यानं ते का ऐकावं?

संध्याकाळी पहिल्या मात्रेचा, २० ग्रॅमवाला, जुना नमुना काढला आणि पाच भांडी लावली. दोन, तीन, चार, पाच, सहा मिनिटं. पण आधी मी आवाराबाहेर जाऊन पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो.

दोन मिनिटांचा चहा दिसायला सुरेख तांबूस, पण पोकळ. वास येतो, त्याला टेकायला काही नाही. तीन मिनिटांचा भरला. चार मिनिटांच्या वाटीत पानाचा तुरटपणा पुढे आला, व्हॅनिला मागच्या बाकावर जाऊन बसला. पाच आणि सहाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीन आणि चारच्या मधे आम्ही बराच वेळ घुटमळलो आणि शेवटी तीनवर थांबलो, तेही पान लगेच गाळून काढायच्या अटीवर. पान पाण्यातच राहिलं तर मिनिटांना काही अर्थ राहत नाही. पाणी मात्र उकळतंच हवं. कोमट पाण्यात या पानाचं अंग उतरत नाही. आणि ओतल्या ओतल्या पिऊ नये. वाफ निघून वाटी हाताला सोसेल इतकी झाली तेव्हा व्हॅनिला पहिल्यांदा नीट कळला.

दूध घालून पाहिलं. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात, तो बोथट होतो. वाटीतून वर येणारा वासही मंदावला, कारण व्हॅनिलिनला पाण्यापेक्षा स्निग्धात राहायला आवडतं. वाईट नव्हतं, पण मला कोराच आवडला. साखरेची चिमूट टाकली तर व्हॅनिला दुप्पट झाल्यासारखा वाटला. मुलाचा विश्वास बसेना, म्हणून त्याला नाक चिमटीत धरून बिनसाखरेचा घोट घ्यायला लावला.

“नुसतं तुरट पाणी आहे,” तो गेंगाण्या आवाजात म्हणाला.

“आता सोड.”

त्यानं चिमटी सोडली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. वाटीत साखरेचा कणही नव्हता, तरी त्याला चहा गोड लागला.

गोदामात पडून असलेल्या मालाचं सोपं होतं. दोन भाग सुगंधी चहाला एक भाग साधं पान असं ड्रममध्ये फिरवलं, म्हणजे मात्रा २१च्या आसपास आली. मग दोन दिवस मुरवून पुन्हा चाखलं. पाकिटावर तीन मिनिटं छापून आली. पुरवठादाराला फोन करून माफी मागितली, त्यानं ती फार लांबवून घेतली. आता सुगंधी चहाची मात्रा कायम करायची असेल तर सकाळी, बाहेरून आलेल्या माणसानं आधी हुंगून सांगायचं, आणि एका दिवशी एकच चाचणी.

निळ्या शाईचं पाकीट मी फेकलं नाही, टेबलाच्या खालच्या खणात ठेवलंय. खण उघडला की अजून घमघमतो, असं मुलगा म्हणतो. मला येत नाही.