डाळिंबाला नाही म्हणताना

प्रॉडक्ट हेड झाले तेव्हा माझ्या हातात आलेला रोडमॅप, म्हणजे ॲपमध्ये पुढे काय काय बनवायचं याची यादी, म्हणजे एक लांबलचक एक्सेल शीट होती. हवामानाचे अलर्ट, कीडनाशकांची ऑनलाइन विक्री, डाळिंब, टोमॅटो, मजुरांची हजेरी, पीककर्ज. जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर ‘हाय प्रायॉरिटी’. आमची कंपनी पुण्यातली, छोटीशी. ॲप द्राक्ष बागायतदारांसाठी. मी कोडिंगमधून प्रॉडक्टमध्ये आलेली, त्यामुळे अशी शीट समोर आली की हात शिवशिवतात. एकेक ओळ घ्यायची आणि करून टाकायची! पण एवढं सगळं केल्यावर आपण कुठे पोचणार, हे त्या शीटवरून कुणालाही सांगता आलं नसतं. फाउंडर म्हणाले, “स्ट्रॅटेजी लिही.” त्यांना बहुधा स्लाइड्स हव्या होत्या.

स्लाइड्स बाजूला ठेवून मी निफाड, दिंडोरी, तासगाव असं फिरायला लागले, तेही मुद्दाम ऑक्टोबर छाटणीनंतर. मे महिन्यात ॲप कसं वाटतं म्हणून विचारलं तर चहा मिळतो आणि “चांगलंय” असं उत्तर मिळतं. छाटणीनंतर आभाळ भरून आलं, डाऊनी हा बुरशीचा रोग येणार या धास्तीने फवारणीचा ब्लोअर बाहेर निघाला, की माणसाला तुमचं मन राखायला वेळ नसतो.

निफाड तालुक्यातल्या एका शेडमध्ये भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर पेन्सिलीने फवारण्या लिहिलेल्या. प्रत्येक चौकोनात छापील तारखेखाली आणखी एक आकडा: ३४, ३५, ३६. छत्तीसच्या पुढे औषधाचं नाव आणि टाकीचं माप. मी ॲप उघडून कालच्या फवारणीची तारीख विचारली, तर काका म्हणाले, “मॅडम, तारखेचं काय घेऊन बसलात? छाटणीला छत्तिसावा दिवस आहे. तेवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.” त्यांचे तीन प्लॉट, तिन्हींची छाटणी वेगवेगळ्या दिवशी. म्हणजे एकाच सकाळी एका प्लॉटवर फुलोरा, दुसऱ्यावर मणी सेटिंग, म्हणजे मणी धरणं, आणि तिसऱ्यावर डिपिंगची, म्हणजे घड संजीवकात बुडवण्याची घाई. आमचं ॲप मात्र तिन्ही प्लॉटना एकच सल्ला देत होतं, कारण ते तारखेवर चालायचं. छाटणीची तारीख आमच्याकडे होती, पण प्रोफाइलमध्ये, ‘ऐच्छिक’ म्हणून.

दुसरी गोष्ट उधारीची. आमच्या शीटमधली सगळ्यात मोठी आशा होती कीडनाशकं विकण्याची. पण छाटणीपासून माल निघेपर्यंत औषधाचा खर्च बऱ्याच ठिकाणी गावातलं कृषी सेवा केंद्र उधारीवर सांभाळतं. सल्ला तिथलाच, बाटली तिथलीच, हिशेब माल गेल्यावर. आपण पाच टक्के स्वस्त दिलं तरी रोखीने कोण घेणार? आणि औषध विकणाऱ्या ॲपने “आज फवारणीची गरज नाही” म्हटलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

राहिला एक्सपोर्ट. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. जुनी माणसं त्या हंगामाचा विषय अजून काढतात. युरोपला माल पाठवायचा तर प्लॉटची नोंद अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर लागते, काढणीआधी लॅबमध्ये नमुना जातो. रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशांच्या तपासणीत नापास झालेला प्लॉट शेतकऱ्याला तर बुडवतोच, पण ज्याने त्या मालाच्या भरवशावर कंटेनर बुक केला त्या एक्सपोर्टरचीही झोप उडवतो. फवारणीची नोंद नीट राहावी म्हणून पैसे मोजायला तयार असलेला माणूस हाच.

मग मी दोन पानं लिहिली. फक्त द्राक्ष, त्यातही एक्सपोर्टचे प्लॉट. पैसे एक्सपोर्टरकडून, शेतकऱ्याला ॲप फुकट. ॲपमधली प्रत्येक गोष्ट छाटणीच्या दिवसावरून मोजायची. डाउनलोड्स मोजणं बंद. छाटणीपासून काढणीपर्यंत नोंद पूर्ण असलेले प्लॉट किती, एवढाच आकडा. दुसरं पान पूर्ण ‘करणार नाही’चं होतं, आणि प्रत्येक नकारासमोर त्याची किंमत लिहिली होती: विक्रीचं कोणतं टार्गेट सुटेल, कोणता ग्राहक नाराज होईल.

मीटिंग तापली ती त्या दुसऱ्या पानावर. सेल्सच्या टीमने सोलापूर भागातले डाळिंबवाले जवळपास पक्के केले होते. सेल्स हेड सरळ म्हणाला, “ताई, तुझ्या दोन पानांनी माझ्या पोरांचा इन्सेंटिव्ह जाईल.” खरंच होतं ते. स्ट्रॅटेजीची चर्चा अशा ठिकाणी येऊन थांबत नसेल, तर ती अजून सुरूच झालेली नाही, असं माझं मत आहे. त्या वर्षीचं टार्गेट बदलून घ्यायला मी त्याच्यासोबत फाउंडरकडे गेले. टार्गेट अर्धवट बदललं. डाळिंब थांबलं.

खरं कठीण काम पुढे होतं. इंजिनिअर सवयीने प्रत्येक गोष्ट मलाच विचारायचे, आणि पटकन उत्तर देण्यात मला मजा यायची. मी उलट विचारायला लागले, “दोन पानांत काय लिहिलंय?” सुरुवातीला सगळे वैतागले. काही प्रश्नांना पानांत उत्तरच नसायचं. तेवढी ओळ आम्ही वाढवायचो.

मी रजेवर असताना एका मोठ्या एक्सपोर्टरने मागणी केली की झालेल्या फवारणीची नोंद त्यांच्या माणसाला ऑफिसातून दुरुस्त करता यावी. टीममधल्या ज्युनिअर पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) मुलीने मला न विचारता नकार दिला: नोंद बदलता आली तर अशा नोंदीसाठी पैसे कोण देईल? मी असते तर कदाचित मधला मार्ग काढला असता. तिचं बरोबर होतं. एक्सपोर्टर कुरकुरला, पण राहिला.

आता डाळिंब पुन्हा टेबलावर आलंय. तिथे दिवस बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरल्यापासून मोजतात. मृग, हस्त, आंबे असे बहार, प्रत्येकाचं गणित वेगळं. या वेळचा मसुदा ती ज्युनिअर पीएमच लिहितेय. ‘काय दिसलं तर सुरू करायचं’ या भागात तिने सेल्सचा अंदाज टाकलाय. तो काढून आधी बागेत जाऊन ये, एवढंच मी समासात लिहिलंय.