दुभाषा घरचा नको

ऑस्ट्रेलियात इंग्रजी न येणारा माणूस डॉक्टरकडे गेला, तर सोबतच्या नातेवाइकाने त्याच्या वतीने बोलू नये, त्यासाठी रीतसर दुभाषा असावा, असा इथला आग्रह असतो. हे मी पूर्वी वाचलेले होते. पण ते आपल्यालाच लागू झाल्यावर कसे बोचते, हे धाकट्या जावेला पोटाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात नेले तेव्हा कळले. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला आणि नेहमीच्या सवयीने उत्तर मी दिले. त्यांनी अतिशय सौजन्याने मला थांबवले आणि १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेच्या क्रमांकावर फोन लावला. थोड्या वेळाने पलीकडून एका बाईंचा स्वच्छ मराठी आवाज आला. पुढचे सगळे बोलणे जाऊ, डॉक्टर आणि त्या न दिसणाऱ्या बाई या तिघांतच झाले, आणि मी शेजारच्या खुर्चीवर नुसती बसून राहिले.

मला राग आला. आमच्या दापोलीकडे दवाखान्यात एकटे कोणी जातच नाही. घरातले दोघे, शेजारचे एखादे माणूस आणि प्रसंगी घेऊन आलेला रिक्षावालाही आत येतो, आणि लाजेने किंवा धसक्याने आजारी माणसाला शब्द फुटत नसेल तर त्याचे सगळे दुखणे ही माणसे सांगतात. मोठी जाऊ म्हणून मी बोलले, यात काही वावगे आहे असे मला आजही वाटत नाही. परक्या देशात उतरलेल्या माणसाला पहिला आधार घरच्यांचाच असतो, आणि तो कोणत्याही सरकारी योजनेतून मिळत नाही. मात्र त्या दिवशी जावेने फोनवरच्या अनोळखी बाईंना जे सांगितले, त्यातले काही तिने घरात कधीच कोणाला सांगितलेले नव्हते. मी बोलत राहिले असते, तर ते डॉक्टरांपर्यंत पोहोचले नसते. एवढ्यावरून त्या आग्रहामागचे कारण मला पटले. राग पूर्ण गेला असे मात्र म्हणवत नाही.

माझी ही जाऊ हर्णैची. दीर आधी मेलबर्नला आले आणि त्यांच्यामागून ती दोन मुलांना घेऊन आली. तिचे शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत झालेले आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. तिच्या वेळी ते पाचवीपासून होते. म्हणजे ती काही इंग्रजीला अगदीच कोरी नव्हती. काळांचे तक्ते तिला पाठ होते, कर्तरी वाक्याचे कर्मणी तिने कितीदा करून दाखवले असेल, आणि इंग्रजीच्या पेपरात ती पासही झाली होती. परंतु पोटात नेमके कुठे दुखते, केव्हापासून दुखते, जेवल्यावर वाढते की कमी होते, हे सांगणारे एक वाक्य तिच्या तोंडून येत नव्हते. यात तिची कसूर नव्हती. कारण तिला शिकवलेले इंग्रजी उत्तरपत्रिकेसाठी होते.

दवाखान्यातल्या त्या प्रसंगाच्या थोडे आधीच तिने इथल्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गात नाव घातले होते. ॲडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्रॅम हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून घरादाराला मुकलेली माणसे जहाजांनी इथे येऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी १९४८ साली हा उपक्रम सुरू झाला, आणि व्हिक्टोरिया राज्यातल्या बोनेगिल्ला येथील स्थलांतरितांच्या छावणीतही असे वर्ग भरत असत. पूर्वी यात प्रत्येकाला ५१० तास मोफत मिळत. २०२१ साली ही मर्यादा काढून टाकण्यात आली. स्थायिक होण्याचा व्हिसा असलेल्या आणि पुरेसे इंग्रजी नसलेल्या प्रौढांना शिक्षण फुकट आहे, आणि आई वर्गात असताना शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना सांभाळण्याची सोयही फुकट आहे. ही सोय नसती, तर वर्गातल्या निम्म्या बायका घरीच बसल्या असत्या असे मला वाटते.

दवाखान्यातून आल्यावर, ही बाई तिथे शिकते तरी काय, हे पाहावे म्हणून मी तिथे मदतनीस म्हणून नाव दिले आणि मागे बसू लागले. त्या वर्गाबद्दल किती लिहू असे मला झाले आहे. तिथे व्याकरणाने सुरुवात होत नाही. स्वतःचे नाव एकेक अक्षर सुटे करून सांगणे, पत्ता सांगणे, जन्मतारीख सांगणे, समजले नाही तर पुन्हा सावकाश सांगा असे न लाजता म्हणणे, इथून सुरुवात होते. नाव सुटे करून सांगणे वाटते तितके सोपे नाही, कारण इथल्या लोकांच्या तोंडचा ए आपल्या कानाला आय असा ऐकू येतो, आणि आपल्या आडनावांत तर ए हे अक्षर जागोजागी असते. वर्गाला शिकवणाऱ्या बाई फळ्यावर काही लिहिण्याआधी प्रत्येकाला एकेक नाव नुसते ऐकवून लिहून घ्यायला लावतात.

मला सर्वांत अधिक आवडली ती फोनची उजळणी. बाई दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून ठेवतात. एका खुर्चीवर विद्यार्थी आणि दुसरीवर त्या स्वतः. समोरासमोर बसले की माणूस हातवारे करतो, चेहरा वाचतो, मान हलवतो आणि निभावून नेतो. फोनवर यातले काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून ही पाठमोरी बैठक. मग आणीबाणीच्या ००० क्रमांकाची तालीम होते. तिथे फोन लागला की आधी पोलीस, अग्निशमन की ॲम्ब्युलन्स, असे विचारतात. मोबाइलवरून फोन असेल तर गाव आणि राज्य विचारतात. आणि मग घरक्रमांक, रस्ता, वस्ती आणि जवळचा आडवा रस्ता. इंग्रजी अगदीच जमत नसेल, तर ॲम्ब्युलन्स एवढा शब्द म्हणून पुढे आपल्या भाषेचे नाव घ्यायचे आणि फोन न ठेवता थांबायचे. मग दुभाषा जोडून दिला जातो. जावेची पाळी आली तेव्हा तिने पहिल्यांदा घाईघाईने पत्ता सांगितला, आणि पाठीमागून बाईंनी शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने खुर्चीची कड घट्ट धरली, श्वास घेतला आणि आकडा, रस्ता, वस्ती असे एकेक सुटे करून सांगितले. त्या आठवड्यात घरी तिने आपल्या मुलालाही पाठमोरे बसवून हा सराव केला.

दुसरा धडा औषधाचा. बाईंनी औषधांची रिकामी खोकी टेबलावर मांडली. इथे पॅरासिटामॉलच्या पाचशे मिलिग्रॅमच्या खोक्यावर मोठ्या माणसाने एक किंवा दोन गोळ्या चार ते सहा तासांनी घ्याव्यात आणि चोवीस तासांत आठांहून अधिक घेऊ नयेत, असे छापलेले असते. बाईंनी विचारले, की सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सहा गोळ्या पोटात गेल्या असतील, तर सकाळी सहाच्या आत आणखी किती घेता येतील आणि लवकरात लवकर केव्हा. वर्गातले कोणी कागद शोधू लागले, तोवर जावेने दोन बोटे वर करून पहाटेचे दोन अशी वेळ सांगितली. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की पुळणीवर लिलाव सुरू होतो. तिथे आईबरोबर उभी राहून मासळीच्या वाट्यांचे हिशेब तिने लहानपणापासून तोंडी केले आहेत. अडत होते ते फक्त खोक्यावरच्या चार ओळींपाशी. नंतर बाईंनी सर्दीच्या गोळ्यांचे खोके दाखवून त्यातही तेच औषध असल्याचे बारीक अक्षरांत वाचून घेतले, म्हणजे दोन्ही एकत्र घेतल्यास मात्रा कशी वाढते हे सगळ्यांना उमगले. एवढ्या एका गोष्टीसाठी मला या वर्गाबद्दल फार आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली, तीही लिहिते. त्यांच्या कागदांत वेळेवर येणे, रांगेत उभे राहणे, हात धुणे यांचीही चित्रे असतात. बाईंचा हेतू चांगला असतो, कारण वर्गात कधीच शाळा न पाहिलेली, युद्धातून आलेली माणसेही असतात. तरी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जिचे घर चालले, तिला घड्याळाचे महत्त्व चित्राने सांगावे लागत नाही. इंग्रजी न येणे आणि काही न येणे यांची गल्लत इथली भली माणसेही करतात. आमच्या दापोली, खेड, चिपळूणकडची कितीतरी माणसे बोटींवर आणि आखाती देशांत गेली, कामाच्या धबडग्यात भाषा शिकली आणि घरे उभी केली; त्यांना शिकवायला कोणी वर्ग काढला नव्हता.

आता गावाकडे काय, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे पत्ता सांगावा लागत नाही. देवळामागचे अमक्याचे घर म्हटले की माणूस दारात येतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण वाडीत रात्री कोणाला बरे नसेल तर पहिला फोन अजूनही ओळखीच्या गाडीवाल्यालाच जातो. बँकेत पैसे भरायची स्लिप शेजारी उभा असलेला भरून देतो. औषधाच्या पाकिटावर बहुतेक मजकूर इंग्रजीच असतो, तरी मेडिकलवाला पाकिटावर पेनाने सकाळ-संध्याकाळ लिहून देतो आणि वर तोंडाने दोनदा सांगतो. ही माया इथे विकत मिळत नाही, आणि तिच्या जोरावर आपल्या आयाबाया इंग्रजीवाचून सुखाने जगल्या, हे मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगते.

पण मेडिकलवाल्याने लिहिलेली शाई पुसली गेली, किंवा मुलाने मुंबईहून औषध पाठवले, तर त्याच आयाबाया पाकीट हातात धरून शाळेतून येणाऱ्या नातवाची वाट पाहत बसतात, हेही मी पाहिले आहे. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ असा उल्लास नव भारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे आणि त्यात अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्येही आहेत, ही चांगली गोष्ट आहे. तो आपापल्या भाषेत आहे, हेही योग्यच. परंतु दहावी झालेल्या, साक्षर असलेल्या आणि तरीही इंग्रजी पाकिटापाशी अडणाऱ्या माझ्या जावेसारख्या बाईची त्यात गणती होत नाही. तिच्यासाठी गावच्या वाचनालयात किंवा बचतगटाच्या बैठकीत आठवड्याला एक तास रिकामी खोकी, बँकेच्या स्लिपा आणि रेल्वे आरक्षणाचे अर्ज घेऊन बसता येईल. त्याला ना मोठी इमारत लागते ना मोठे इंग्रजी.

ज्यांच्या घरचे कोणी कायमचे इकडे येणार असेल, त्यांच्यासाठी थोडे. निघण्यापूर्वी महागड्या क्लासात घालून व्याकरण घोटून घेऊ नका. त्याऐवजी नावाची अक्षरे, जन्मतारीख, फोन क्रमांक आणि येथील पत्ता फोनवरून सांगण्याचा सराव रोज कोणाकडून तरी करून घ्या, आणि चालू असलेल्या औषधांची नावे इंग्रजीत एका कागदावर लिहून पासपोर्टबरोबर द्या. इथे उतरल्यावर वर्गात नाव घालणे पुढे ढकलू नका. मुलांचे, घराचे, नोकरीचे बस्तान बसले की पाहू असे म्हणणाऱ्या बायकांचे ते बरेचदा राहूनच जाते. दवाखान्यात दुभाषा हवा असेल तर वेळ ठरवतानाच मराठी असे सांगा, कारण मराठी दुभाषा त्या क्षणी मोकळा असेलच असे नाही. माझ्या जावेची पुढची तपासणी याच पद्धतीने ठरली आहे. तिचा फोन या वेळी तिनेच केला, आणि तारीख पक्की झाल्यावर मला बरोबर येण्यासही सांगितले आहे.