वहीतली चिन्हे टंकताना: ॐ, १॥, ऱ आणि एक इमोजी

सासूबाईंची पाककृतींची वही टंकून तिची छोटी पुस्तिका छापायची, असे आम्ही गेल्या वर्षी श्रावणात ठरवले, तेव्हा कठीण काम जुने अक्षर लावण्याचे असेल, अशी माझी समजूत होती. वही साठ वर्षांपूर्वीची आहे, शाई विटली आहे आणि बऱ्याच पानांवर तुपाचे डाग आहेत. तरी अक्षर आठ-दहा दिवसांत लागले. अडले ते चिन्हांपाशी. पहिल्या पानाच्या माथ्यावर ॐ, त्याखाली ‘॥ श्री ॥’, मग ‘१॥ वाटी रवा’, ‘सुक्या खोबऱ्याचा कीस’, ‘ॲल्युमिनियमचे पातेले घेऊ नये’, आणि शेवटच्या पानांत नानकटाईसमोर नंतर केव्हातरी बॉलपेनने लिहिलेले ‘१८०°’. यांतले एकही चिन्ह माझ्या लॅपटॉपच्या कळांवर छापलेले नव्हते.

काम आम्ही तिघींत वाटून घेतले होते. मी लॅपटॉपवर, नणंद तिच्या फोनवर आणि न्यू जर्सीला राहणारी भाची तिच्या मॅकवर टंकत होती. साधी चिन्हे लवकर हाती आली. विंडोजमध्ये विंडोजची कळ धरून पूर्णविरामाची कळ दाबली की इमोजींची खिडकी उघडते आणि तिच्यातच चिन्हांचा वेगळा कप्पा असतो. ज्या संगणकाला उजवीकडे आकड्यांचा स्वतंत्र संच असतो, त्यावर नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट धरून ०१७६ दाबले की ° उमटतो आणि ०१८९ दाबले की ½. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबल्यावर चिन्हांचे सगळे भांडार समोर येते. आयफोनवर शून्याची कळ दाबून धरली की ° वर येतो. नणंदेच्या फोनवर एकाची कळ तशीच धरली की ½ आणि ¼ दिसत.

मला मात्र सर्वांत उपयोगी पडली ती वर्डमधली रीत, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण पुढचा सारा गुंता तिनेच सुटला. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरचिन्हांच्या जागतिक यादीत, एक क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले की क्रमांकाच्या जागी चिन्ह येते. ०९५० लिहिले की ॐ, ०९६५ लिहिले की ॥, ०९३१ लिहिले की ऱ, ०९७२ लिहिले की ॲ. आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू असेल तर देवनागरी आकडे उमटतात आणि काहीच घडत नाही, म्हणून विंडोज आणि स्पेस दाबून आधी इंग्रजीवर जावे लागते. ही रीत उलटही चालते: चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की त्या चिन्हाचा क्रमांक दिसतो, पुन्हा दाबले की चिन्ह परत येते.

पहिल्या पानावरच्या ॐने मला ही उलटी रीत वापरायला शिकवले. नणंदेने पाठवलेल्या मजकुरातला ॐ जांभळ्या चौकटीत पांढरा होता, माझा साधा काळा होता. तपासल्यावर कळले की ही दोन निरनिराळी चिन्हे आहेत. एक देवनागरी लिपीतला ॐ, जो श्रीसारखाच मजकुराचा भाग असतो आणि मजकुराच्या फॉन्टमध्ये दिसतो. दुसरा धर्मचिन्हांच्या रांगेतला इमोजी, ज्याचा क्रमांक अगदी वेगळा आहे. फोनच्या सूचनापट्टीवर इमोजी आधी दिसतो, म्हणून बोट त्यावर पडते. आम्ही सगळीकडे लिपीतला ॐ ठेवला.

‘१॥’ या लेखनासाठी मी बराच वेळ दिला आणि त्याचे मला समाधान आहे. सव्वासाठी १।, दीडसाठी १॥, पावणेदोनसाठी १॥। ही पद्धत आमच्या आधीच्या पिढीला इतकी अंगवळणी होती की सासूबाईंनी वहीत ‘दीड’ हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. भाचीने त्या दोन दंड्या श्लोकाच्या शेवटच्या दंडांसारख्या समजून सोडून दिल्या होत्या, त्यामुळे तिच्या भागातल्या प्रत्येक ‘१॥ वाटी’ची ‘१ वाटी’ झाली होती. रव्याच्या लाडवांत अर्ध्या वाटीचा फरक पडला तर पाक उरतो आणि लाडू वळत नाहीत. या अपूर्णांकांसाठी युनिकोडमध्ये २००९ सालापासून स्वतंत्र चिन्हे आहेत, हे मला शोध घेताना समजले. पण ती लिहून पाहिली तेव्हा आमच्या तिन्ही उपकरणांवर रिकाम्या चौकटी दिसल्या. अखेर आम्ही आकड्यापुढे नेहमीचा दंड आणि दुहेरी दंड वापरला, मध्ये मोकळी जागा सोडली नाही आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ‘१॥ म्हणजे दीड’ असा खुलासा दिला. सासूबाईंचे लेखन बदलून ‘दीड’ करावे, असे नणंदेचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. वही त्यांची आहे, तर मापेही त्यांच्याच हातची दिसायला हवीत.

सर्व मजकूर एका फाइलमध्ये जुळवून मी छापखान्यात दिला आणि चार दिवसांनी पहिले प्रूफ आले. त्यात ‘सुक्या खोबर्याचा कीस’, ‘कैर्या’ आणि ‘पुर्या’ असे छापले होते. सर्वांत वाईट वाटले ते लग्नाच्या जेवणाच्या पानावर. सासूबाईंनी लिहिले आहे, ‘पाने शंभराच्या वर असल्यास आचाऱ्याला आदल्या दिवशी बोलवावे.’ प्रुफात आचाऱ्याचा आचार्य झाला होता. मराठी वाचकाला या दोन शब्दांतला फरक सांगावा लागत नाही: एक स्वयंपाक करतो, दुसरा विद्या देतो. माथ्यावरचा रफार आणि बाजूची ती लहानशी वक्र रेघ एवढ्यानेच हे वेगळेपण टिकते.

छापखान्यातला मुलगा भला होता. “काकू, फॉन्टचा दोष असेल, दुसरा लावून बघतो,” असे म्हणून त्याने एकामागून एक तीन फॉन्ट बदलले. काही फरक पडला नाही. कोड्यात भर अशी की सगळेच शब्द बिघडले नव्हते. माझ्या पानांतल्या ‘भाकऱ्या’ आणि ‘मोहऱ्या’ जशाच्या तशा होत्या. बिघडले होते ते नणंदेने फोनवर टंकलेले शब्द.

उलगडा झाला तो एका इमोजीमुळे. त्या मुलाने त्याच्याकडचा मजकूर तपासण्यासाठी माझ्या फोनवर पाठवला. भाचीने प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला स्वयंपाक करणाऱ्या बाईचा इमोजी घातला होता. परत आलेल्या मजकुरात ‘एकादशीचे पदार्थ’ या मथळ्याशेजारी एक बाई होती आणि तिच्या बाजूला, सुटी, अंडे फोडलेली तव्याची आकृती. उपासाच्या पानावर अंडे पाहून मी तत्काळ भाचीला फोन केला. तिने शांतपणे समजावले की स्वयंपाकिणीचे ते चित्र मुळात एक चिन्ह नसतेच. बाईचे चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग तव्याचे चिन्ह असे तीन क्रमांक ओळीने लिहिलेले असतात. फोन ते तीन मिळून एक चित्र दाखवतो. मधले जोडचिन्ह गळले की बाई आणि तवा वेगळे होतात. शेतकरी बाईचा इमोजी बाई आणि भाताची पेंढी यांचा, आईबापलेकीच्या कुटुंबाचा इमोजी तीन माणसांचा, असाच जोडून झालेला असतो.

त्या अदृश्य चिन्हाचे नाव झीरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. हा क्रमांक ऐकून मी लॅपटॉप उघडला आणि नणंदेचा मूळ मजकूर वर्डमध्ये घेतला. ‘खोबऱ्याचा’ या शब्दात ‘ऱ्या’च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबले, काना गेला. पुन्हा दाबले, य गेला आणि ती वक्र रेघ एकटी उरली. आता ऑल्ट आणि एक्स दाबले. पडद्यावर २००डी उमटले. ते परत मिटवून आणखी एकदा बॅकस्पेस दाबले, तेव्हा वक्र रेघ नाहीशी होऊन पुढच्या ‘चा’वर रफार चढला. मग माझ्या पानातली ‘भाकऱ्या’ घेऊन तीच कृती केली. तिथे य गेल्यावर क्रमांक आला ०९४डी, म्हणजे हलन्ताचा, अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेचा, आणि त्याच्या मागे ०९३१, म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर.

डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसत होते, आतली बांधणी मात्र निराळी होती. नणंदेच्या फोनचा कळफलक साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असे लिहीत होता. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह इंग्रजी J ची कळ दाबून ऱ, D ची कळ दाबून हलन्त आणि त्यापुढे य असे लिहीत होते. छापखान्याच्या संगणकात मजकूर घेताना न दिसणारी चिन्हे काढून टाकण्याची सोय चालू होती. तिने स्वयंपाकीणही तोडली आणि खोबरेही. जोडचिन्ह गेल्यावर र, हलन्त आणि य एवढेच उरले, आणि त्यांचा रफार होणे हे नियमाला धरूनच होते.

दुरुस्ती एका फटक्यात करता आली नाही. प्रुफातल्या प्रत्येक ‘र्य’चा ‘ऱ्य’ केला असता तर ‘सूर्यफुलाचे तेल’ बिघडले असते. म्हणून शब्दांची यादी केली: खोबऱ्याचा, पुऱ्या, कैऱ्या, भोपळ्याच्या घाऱ्या, कोथिंबिरीच्या वड्यांखालचे ‘दुसऱ्या दिवशी’, आणि अर्थात आचाऱ्याला. एकेक शब्द शोधून ऱ घालून नव्याने लिहिला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तेव्हापासून फोनवर लिहिताना मी जोडाक्षर आपोआप होण्याची वाट पाहत नाही. आधी ऱ हे अक्षर निवडते, मग हलन्त, मग य किंवा ह.

ॲचे प्रकरण याच जातीचे, पण लहान. फाइलमध्ये ‘ॲल्युमिनियम’ शोधले तर तीनच जागा मिळत होत्या, आणि मला तरी सात आठवत होत्या. उरलेल्या ठिकाणी अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवलेला होता. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ हा स्वर मराठी वर्णमालेत घेतला आहे आणि युनिकोडमध्ये त्याला २००८ पासून स्वतःचा क्रमांक आहे, तेव्हा जोडून करण्याचे कारणच नाही. सगळीकडे ०९७२ केला.

इमोजींबद्दल भाचीशी थोडा वाद झाला. तिखटपणा दाखवण्यासाठी तिने मिरचीचे इमोजी आणि दिवाळीच्या पदार्थांसमोर पणती घातली होती, आणि ते फोनवर खरोखर सुंदर दिसत होते. प्रुफात त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या, आणि मागच्या पानावर लिहिलेल्या ₹ या चिन्हाचीही तीच गत झाली. त्याचे कारण समजल्यावर मला आनंद झाला: ₹ चिन्ह आणि शेकडो इमोजी युनिकोडमध्ये एकाच आवृत्तीत, ऑक्टोबर २०१० मध्ये आले. छापखान्याचा आवडता फॉन्ट त्याआधीचा असल्याने त्याला दोन्हींचा पत्ता नव्हता. पणती तर २०१९ ची, साडी आणि रिक्षा यांच्याबरोबर आलेली. सासूबाईंच्या धाकट्या भावाच्या जुन्या फोनवरही ती दिसली नाही. नवा फॉन्ट घेतल्यावर ₹ नीट उमटला. वहीच्या समासांतल्या किमती मात्र सासूबाईंनी लिहिल्याप्रमाणे ‘रु.’ अशाच राहू दिल्या, कारण त्या काळी ₹ हे चिन्ह अस्तित्वात नव्हते. कागदावर मिरचीऐवजी ‘तिखट’ हा शब्द आला आणि पणतीचे रेखाचित्र भाचीने हाताने काढून दिले. फोनवर वाचायच्या प्रतीत तिचे सर्व इमोजी आहेत, स्वयंपाकीणसुद्धा.

दुसरे प्रूफ मी थेट सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून लाडवांचे पान काढले, ‘१॥ वाटी’वर बोट ठेवले आणि विचारले, “हे मशीनला येतं होय?” मग पुढची पाने उलटून आचाऱ्याच्या ओळीपाशी थांबल्या, ती मोठ्याने वाचली आणि प्रुफाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण केली.