स्वयंपाकघर असलेले सिनेमे

कुणी ‘एखादा चांगला गे सिनेमा सांग ना’ म्हटलं की मी आधी आठवून बघतो, कुठल्या सिनेमात स्वयंपाकघर आहे. डोंगरावर मेंढरं राखणारे दोघे, समुद्राकाठच्या वाड्यात मागे राहिलेल्या दोघी, इटलीच्या उन्हाळ्यात सायकलवर हिंडणारी पोरं, सगळे पाहिलेत. त्यांच्यासाठी रडलोयसुद्धा. पण मी सहकारनगरला आईबरोबर दोन खोल्यांत राहतो. माझ्या वाटेत डोंगर कुठला यायला? जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू येतात.

‘कॉल मी बाय युवर नेम’ (२०१७) मधला बाप शेवटी मुलाला सोफ्यावर बसवून जे बोलतो, ते ऐकून आमच्या रविवारच्या ग्रुपमधले निम्मे लोक ढसाढसा रडले. मला उलट चीड आली. असे विद्वान बाप पुण्यात पेठेपेठेला सापडतील, पण ते हा एक विषय सोडून जगातल्या बाकी सगळ्या विषयांवर बोलतात.

त्यामुळे माझ्या यादीत पहिला नंबर ‘द वेडिंग बँक्वेट’चा. आंग लीचा, १९९३चा. त्याच नावाचा नवा सिनेमा २०२५मध्ये आला, मी म्हणतोय तो जुना, ज्याला बर्लिन महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, मिळालं. न्यूयॉर्कमधला तैवानी वाय-तुंग आणि त्याचा अमेरिकन जोडीदार सायमन. तैवानहून आईवडिलांचा लग्नासाठी लकडा चालूच. शेवटी हा आपल्या भाडेकरू मुलीशी, एका चिनी चित्रकर्तीशी, खोटं लग्न लावायचं ठरवतो. तिला ग्रीन कार्ड हवंच असतं. आणि मग आईवडील थेट विमानात बसून दारात हजर.

ते यायच्या आधी घर आवरण्याचा प्रसंग आहे. भिंतीवरचे फोटो उतरतात, त्या जागी चिनी सुलेखनाचे पट लागतात. पाहुणे येण्याआधी घरातून स्वतःलाच उचलून कपाटात ठेवायचं, हे काम मी कॉलेजपासून करत आलोय, त्यामुळे मला तो प्रसंग विनोदी वाटायला दुसऱ्यांदा पाहावा लागला. पुढे स्वयंपाक सायमन करतो आणि कौतुक सुनेचं होतं. आई माझ्या शेजारी बसून पाहत होती, सबटायटल्स मी वाचून दाखवत होतो. मध्येच म्हणाली, ‘अरे, त्या म्हाताऱ्याला सगळं कळतंय. मुद्दाम गप्प बसलाय मेला.’ मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने तो म्हातारा, निवृत्त लष्करी अधिकारी, सायमनला एकट्याला गाठून, घरच्या माणसाला पैशांची भेट देतात तसलं लाल पाकीट देतो, तेव्हा आईने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू पटकथा तिनेच लिहिली होती. (फोडलं मी. तीस वर्षं होऊन गेली, आता चालेल.) तिची तक्रार एकच होती: ‘ती सून भांडी का घासत नाहीये?’

मला त्या बापाचं मौन आवडतं आणि आवडतही नाही. त्याला नातवंड हवंय, म्हणून तो खोटं चालू देतो. बायकोला मुलाने सांगितलंय आणि बापाला सांगू नको म्हणून तिनेच त्याला बजावलंय, नवऱ्याला आधीच माहीत आहे आणि तो सायमनला गप्प राहायला सांगतो. एकाच टेबलावर चौघं-पाचजण जेवतात आणि प्रत्येकाच्या ताटाखाली एकेक गुपित. मराठी नाटकवाल्यांना हा मालमसाला कसा दिसला नाही कोण जाणे.

‘साबर बोंडं’बद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला २०२५च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या. सुतकामुळे आनंदला गावातून हलता येत नाही, आणि नातेवाइकांना ‘आता लग्नाचं बघा’ म्हणायला भरपूर वेळ मिळतो. कॅमेरा घाई करत नाही. माणसं ओसरीवर बसतात, उठतात, चपलांवरून, जेवणावरून सूचना देतात. मी तो कोथरूडला पाहिला. मागच्या रांगेतल्या एक बाई नवऱ्याला कुजबुजत्या आवाजात सुतकाचे नियम बरोबर दाखवलेत की नाही ते सांगत होत्या. दोन पुरुष एकमेकांना बिलगले तेव्हाही त्यांची कुजबुज थांबली नाही. एखाद्या सिनेमाचं याहून मोठं यश मला सुचत नाही.

एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर ‘फायर’ (१९९६) आणि ‘जॉयलँड’ (२०२२) एकापाठोपाठ पाहा. दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्ये दिल्लीतलं घर आहे, कुटुंबाचा खाण्याच्या पदार्थांचा आणि व्हिडिओ कॅसेटचा धंदा आहे, आणि वाचा गेलेली सासू आहे, हातात घंटी घेतलेली. घंटी वाजली की दोन्ही जावांना दचकून उठावं लागतं. शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्यातली जवळीक याच कामाच्या रगाड्यात वाढते. आपल्याकडे तो १९९८मध्ये लागला आणि डिसेंबरात मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली गेली. संवाद आज थोडे पुस्तकी वाटतात, पण ती घंटी अजून अंगावर येते.

सईम सादिकचा ‘जॉयलँड’ लाहोरचा. घरी बसून पुतण्या सांभाळणाऱ्या हैदरला बिबा नावाच्या ट्रान्स नर्तकीच्या मागे नाचायची नोकरी लागते, आणि त्याला नोकरी लागली म्हणून त्याच्या बायकोला, मुमताजला, तिची आवडती नोकरी सोडायला लावतात. लोक बिबाबद्दल बोलतात. बोलायलाच हवं, अलिना खान कमाल आहे. पण मला विचाराल तर तो सिनेमा मुमताजचा आहे. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक आणि एलजीबीटी विषयांवरच्या सिनेमाला देतात ते क्वीअर पाम, दोन्ही मिळाली, आणि पाकिस्तानच्या पंजाबात, म्हणजे खुद्द लाहोरात, त्याच्यावर बंदी आली.

घर कुणाचं, हा प्रश्न सगळ्यात निर्दयपणे विचारलाय चिलीच्या ‘अ फँटॅस्टिक वुमन’ने (२०१७). मरीनाचा जोडीदार रात्रीतून जातो. त्याच्या घरचे येतात आणि गाडी मागतात, फ्लॅट रिकामा करायला सांगतात, कुत्री घेऊन जातात, अंत्यविधीला येऊ नको म्हणतात. मरीनाची भूमिका करणारी डॅनिएला व्हेगा स्वतः ट्रान्स आहे. या चित्रपटाला परदेशी भाषेचं ऑस्कर मिळालं. माझ्या ओळखीतले दोघे गेली कित्येक वर्षं वारज्यात एकत्र राहतात, फ्लॅट एकाच्याच नावावर. सिनेमा संपल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, मृत्युपत्र, नॉमिनी आणि वकील यावरच बोलत बसले. सप्टेंबर २०१८मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा फास सुटला खरा, पण ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला, तेव्हा ही कागदपत्रं ज्याची त्यानेच करायची.

‘अलिगढ’मधले प्राध्यापक सिरससुद्धा खोली गमावलेलेच. मराठी शिकवणारा, मराठी कविता लिहिणारा माणूस आणि त्याची एक खोली, त्यात लताबाईंचं गाणं आणि ग्लासात थोडी व्हिस्की. मनोज बाजपेयी ते गाणं ऐकता ऐकता जे करतात त्याबद्दल मी लिहिणार नाही, बघा.

मराठीत शोधायचं तर ‘उंबरठा’ (१९८२) पुन्हा पाहा, महिलाश्रमातल्या, एकमेकींवर जीव जडलेल्या त्या दोघींसाठी. तेंडुलकरांच्या लेखनावरचा रवी जाधवांचा लघुपट ‘मित्रा’ छोटा आणि नेमका आहे. अमोल पालेकरांचा ‘थांग’ (२००६) मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा भांडलो. नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी नातं आहे हे कळलेल्या बायकोची ती गोष्ट आहे आणि मृणाल कुलकर्णी ती फार जीव लावून करतात, पण त्या दुसऱ्या पुरुषाच्या घरी कोण आहे, तो संध्याकाळी काय खातो, हे मला कळायला हवं होतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, तो सिनेमा बायकोचा आहे, तिला तिची जागा दे. पुढच्या रविवारी तोच लावणार आहोत, भांडण पुढे चालू.